खाली म्हंजे कुठं?

ग्रामीण रुग्णालयात रुजू झालो त्या पहिल्याच सोमवारी पांचाळ सिस्टरनी माझ्या रजिस्टरमधला एक शब्द लाल पेनानं खोडला. नमुन्याच्या रकान्यात मी 'गुप्तांगातील स्राव' असं लिहिलं होतं.

"गुप्त काय हाय त्यात, भाऊ?"

"तसंच लिहितात ना, सिस्टर."

"योनीमार्गातला हाय का गर्भाशयाच्या तोंडाचा? डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट मागितलाय, कोडं न्हाई."

मी सव्वीस वर्षांचा, लातूरहून लॅब टेक्निशियनची परीक्षा पास होऊन कंधार तालुक्यात आलेला. दारात पाच-सहा बायका रांगेत उभ्या होत्या. माझे कान तापले. सिस्टर मात्र भाजीचं नाव घ्यावं इतक्या सहज ते शब्द बोलून गेल्या आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवून इंजेक्शनच्या खोलीत निघून गेल्या.

ठेंगणा बांधा, जाड तळव्याच्या चपला, आणि वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा आवाज. नखं दर सोमवारी कापलेली. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, वर्षातले बहुतेक दिवस तेच. दागिना म्हणून फक्त घड्याळ. त्यांचं लग्न झालंय का, घरी कोण असतं, हे मला पहिलं वर्षभर माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

बाह्यरुग्ण विभागात बाई यायची, पदराचं टोक दातात धरायची आणि म्हणायची, "सिस्टर, खाली दुखतंय."

"खाली म्हंजे कुठं? खाली तर फरशी हाय."

बाई हसायची. हसली की पदर दातातून सुटायचा. मग सिस्टर आवाज उतरवून विचारायच्या. लघवी करताना आग होती का? योनीमार्गात खाज हाय का? का ओटीपोटात, आत, गर्भाशयाच्या जागी दुखतं? चार लेकरांची आई असलेल्या बाईलासुद्धा लघवीची जागा आणि बाळ येण्याची जागा वेगळी असते हे माहीत नसायचं. सिस्टर तीन बोटं वर करायच्या. "पुढं मूत्रमार्ग, मधी योनीमार्ग, मागं गुदद्वार. तीन दारं हायत माय, एक न्हाई. कोणत्या दाराशी तकलीफ हाय ते सांगितलं तर इलाज व्हईल."

एकदा चहा पिताना मला म्हणाल्या, "आपल्याकडं ह्या अवयवांना दोनच नावं. एक शिवीतलं, एक पुस्तकातलं. शिवीतलं बाईला तोंडातून काढता येत न्हाई, आन पुस्तकातलं तिला कुणी शिकवलेलं नसतं. मग ती काय म्हणल? खाली."

त्यांच्या पिशवीत एक गर्भाशय असायचं. लाल फ्लॅनेलच्या कापडाचं, स्वतः शिवलेलं, बरोबर मुठीएवढं. दोन बाजूंना परकराच्या नाडीच्या नळ्या, आणि पिवळ्या चिंधीत गुंडाळलेले दोन बदाम म्हणजे अंडाशयं. ते टेबलावर ठेवून त्या बायकांना सांगत: दर महिन्याला या बदामातून एक अंडं सुटतं, नळीतून पुढं येतं, पुरुषबीज भेटलं तर गर्भ राहतो, नाही भेटलं तर गर्भाशयाचं आतलं अस्तर गळून पडतं, तीच पाळी. घाण रक्त वगैरे काही नसतं. लेकराची गादी असते ती, पाहुणा आला नाही म्हणून गुंडाळून ठेवली.

आणखी एक सवय. बसस्टँडवर, मुतारीच्या भिंतीवर, कुठंही 'गुप्तरोग, नामर्दपणा, खात्रीशीर इलाज' अशी जाहिरात चिकटवलेली दिसली की सिस्टर पर्समधून एक रुपयाचं नाणं काढून ती खरवडायला लागत. नायगावला कॅम्पला जाताना त्यांच्या या उद्योगापायी आमची बस एकदा चुकली. मी वैतागलो. त्या म्हणाल्या, "दुसरी येईल की. हे वाचून एखादं पोरगं घाबरून रानात जाऊन फवारणीचं औषध पिईल, त्याला दुसरी बस न्हाई."

त्यांच्या कामाची खरी ओळख मला गयाबाईमुळं झाली. गयाबाई एकतीस वर्षांची, भोकरकडची, रोजानं जाणारी. अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा, कंबर दुखायची. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं की पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ती सोबत नवऱ्याला आणि ऑपरेशनची चिठ्ठी घेऊन आली होती. आमच्याकडं फक्त रक्त तपासून घ्यायचं होतं.

सिस्टरनी चिठ्ठी वाचली. "पिशवी काढायची ठरलं?"

"हाव. दोन लेकरं झाली, आता काय कामाची हाय ती?"

"तपासली का कुणी? आतून?"

"न्हाई. पोटावरून फोटो काढला."

सिस्टर तिला डॉक्टर मॅडमकडं घेऊन गेल्या. मॅडमनी आतून तपासणी केली, स्रावाचा नमुना माझ्याकडं आला. काचेच्या पट्टीवर थेंब टाकून बघितलं तर वळवळणारे जंतू स्पष्ट दिसत होते. गर्भाशयाच्या तोंडाची चाचणी केली, ती नंतर ठीक आली. जंतुसंसर्ग होता, गोळ्यांनी बरा होणारा. मॅडमनी दोघांनाही गोळ्या लिहून दिल्या. नवरा उखडला.

"मला काय झालंय? मी काऊन गोळ्या खाऊ?"

सिस्टरनी त्याला बाकावर बसवलं. "भाऊ, हे जंतू नवरा-बायकोत ये-जा करतात. बाप्याला बऱ्याचदा काहीच तरास व्हत न्हाई, पण जंतू असतात. हिनं एकटीनं गोळ्या खाल्ल्या तर ही बरी व्हईल आन तुमच्याकडून परत घेईल. दोघांनी पुरा कोर्स करा. तवर जवळ येऊ नका, न्हाईतर निरोध वापरा."

मग त्यांनी ते लाल कापडाचं गर्भाशय गयाबाईच्या हातात दिलं. "ही तुझी पिशवी. हिच्यासंगं ही दोन अंडाशयंबी काढली, तर चाळिशीच्या आधीच पाळी गेल्यावानी व्हतं. अंगातून वाफा, हाडं ठिसूळ. काढावी लागतच न्हाई असं मी म्हणत न्हाई. तसं निघालं तर मीच तुला नांदेडला घेऊन जाईन. पण जंतू मारायला घर पाडत्यात का?"

गयाबाईनं ते कापड मुठीत धरून बघितलं. मग म्हणाली, "इतकीशीच असती व्हय? मला वाटलं लई मोठी असंल." तीन आठवड्यांनी ती परत आली. स्राव थांबला होता, कंबरही बरीच बरी होती, आणि ती शेजारच्या दोघींना ओढून घेऊन आली होती.

आता जे सांगणार आहे त्यातली नावं बदलली आहेत. तो माणूस आज हयात नाही, आणि त्याच्या बायकोनं "लिहा, कुणाचं तरी भलं व्हईल" असं मला स्वतः सांगितलंय. नाहीतर लॅबमधली गोष्ट मी कागदावर उतरवली नसती.

एका बुधवारी पस्तिशीची एक बाई आली आणि रांग सोडून सरळ सिस्टरसमोर जाऊन उभी राहिली. नाव गोदावरी. मी शेजारीच रक्त घेत होतो. सिस्टरनी मान वर केली आणि हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. एवढ्या वर्षांत त्यांचं काम मध्येच थांबलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"वळखलं का मला?" बाई म्हणाली.

"वळखलं. बस."

"बारा वर्सं झाली. लेकरू न्हाई. चार देव केले, दोन बाबा केले. सासू म्हणती, दुसरीबी तशीच निघाली." तिनं पदर सारखा केला. "तुमी तरी खरं सांगताल म्हणून आले. दुसऱ्या कुणाकडं जायची शरम न्हाई वाटली, तुमच्याकडं यायची वाटली. तरी आले."

दुपारी चहाला सिस्टर मला म्हणाल्या, "ती माझ्या नवऱ्याची बायको." आणि मग चार वाक्यांत सगळं सांगितलं. अठराव्या वर्षी लग्न, पाच वर्षं संसार, लेकरू नाही म्हणून माहेरी पाठवणी. वांझ म्हणून गावानं हळदी-कुंकवाला बोलावणं बंद केलं होतं. भावानं नांदेडला नर्सिंगला घातलं. "तिथं शरीरशास्त्राच्या तासाला पहिल्यांदा कळलं, की लेकराला दोघं लागतात आन तपासणी एकीचीच झाली व्हती. तीबी देवऋष्याकडं." त्यांनी कप उलटा ठेवला. "ही केस मी बघू नये. मी मॅडमला सांगते."

त्यांनी तसं सांगितलं. गोदावरीच्या सगळ्या तपासण्या मॅडमनीच केल्या, त्या ठीक निघाल्या. मॅडमनी नवऱ्याची वीर्यतपासणी लिहून दिली. नारायणराव, वय पन्नाशीच्या आत-बाहेर, पांढरी टोपी, अंगाखांद्यानं दणकट. तीन महिने आला नाही. मग एके दिवशी आला.

त्याचा नमुना मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. पहिलं क्षेत्र, दुसरं, विसावं. नमुना यंत्रात फिरवून तळाचा थेंब परत घेतला. शुक्राणू एकही नव्हता. मॅडमनी त्याला केबिनमध्ये बसवून सांगितलं. तो बाहेर आला आणि व्हरांड्यातच ओरडला.

"एकबी न्हाई म्हंजे? नमुना बदलला असंल! तिनं डूख धरून बदलला असंल!"

सिस्टर चार पावलांवर एका बाळाचं वजन करत होत्या. काट्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. मी भडकून पुढं झालो, तर त्या बाळाला आईकडं देत मला म्हणाल्या, "भाऊ, एका नमुन्यावर तसंबी ठरवत न्हाईत. काही आठवड्यांनी दुसरा घ्या. त्या दिवशी मी रजा टाकते. आन तिसरा पाहिजे तर नांदेडला करू द्या."

दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी त्या खरंच रजेवर होत्या. निकाल तोच आला. नारायणराव लॅबमधल्या स्टुलावर येऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी सिस्टरच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं बोलायला लागलो. शुक्राणू वृषणात तयार होतात, वीर्याचं बाकीचं पाणी दुसऱ्या ग्रंथींतून येतं. त्यामुळं शुक्राणू नसले तरी बाकी सगळं नेहमीसारखंच चालतं, बाहेरून कळत नाही. मर्दानगीशी याचा संबंध नाही.

"पर गेले कुठं ते?"

"लहानपणी गालगुंड झालं होतं का? वृषण सुजले होते?"

"पंधरा-सोळाचा व्हतो. महिनाभर झोपून व्हतो. मायनं कडुलिंबाचा पाला बांधला व्हता."

"त्यानंसुद्धा होऊ शकतं. नक्की कशानं ते नांदेडचे डॉक्टर तपासून सांगतील. पण यात कुणाचा गुन्हा नाही."

"पहिलीचाबी नव्हता," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. नंतर टोपी घालून उठला. दारात थांबून विचारलं, "तिला कळलं का, पहिलीला? दुसऱ्या नमुन्याचं?"

"रिपोर्ट तुमचा आहे. आम्ही कुणाला सांगत नाही."

आणि सिस्टरनी मला खरंच कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यानं नाही. मी दोनदा स्वतःहून विषय काढायला गेलो, तर त्यांनी सलाईनच्या बाटल्या मोजायला लावल्या.

पुढच्या वर्षी शाळांच्या आरोग्य तपासणीत नेमकं तेच गाव आलं, ज्या गावात त्या सून म्हणून नांदल्या होत्या. मी म्हणालो, अदलाबदल करून घेऊ. त्या म्हणाल्या, "तिथल्या पोरींना पाळी येत न्हाई का?"

आठवी-नववीच्या मुलींचा तास त्यांनी घेतला. मुलांचाही घ्यायचाच, हा त्यांचा हट्ट. मुलांनी चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकायच्या, त्यावर नाव नाही. निम्म्या चिठ्ठ्या स्वप्नदोषाच्या होत्या. सिस्टरनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि त्यातला 'दोष' पुसून टाकला. "वयात आल्यावर झोपेत वीर्य बाहेर येतं. दोष न्हाई, रोग न्हाई, कमजोरी येत न्हाई. मोबाईलवर जे बघता त्यात हे कुणी सांगत न्हाई." मग सांगितलं की पाळीच्या दिवसात वर्गातल्या मुलीच्या स्कर्टवर डाग दिसला तर हसायचं नाही, आणि कुणाच्याही अंगाला तिच्या मर्जीशिवाय हात लावायचा नाही, स्वतःच्या अंगाला कुणी लावला तर गप्प बसायचं नाही.

चौथ्या दिवशी शाळेतून फोन आला. पालक चिडलेत, या.

सकाळची वेळ, शाळेचा व्हरांडा, पन्नासेक माणसं, एका कडेला बायका. गावात वजन असलेले माधवराव बोलत होते. पोरांना वंगाळ शिकवलं, पोरींची लाज घालवली. सिस्टर ऐकत उभ्या होत्या. मग माधवरावांनी आवाज चढवला.

"आन शिकवणार कोण? जिला सोताला लेकरू झालं न्हाई, ह्याच गावातून जिला माघारी धाडली, ती?"

मागच्या खांबाला टेकून नारायणराव बसला होता. मला तो दिसत होता, सिस्टरनाही दिसत असणार. एक वाक्य पुरे होतं. एवढ्या वर्षांचा डाग त्या एका वाक्यात धुवून टाकू शकत होत्या.

"मला लेकरू न्हाई, हे खरं हाय दादा," सिस्टर म्हणाल्या. "पण गर्भाशय हाय. तेच शिकवून राहिले. मागच्या साली ह्याच शाळेतली एक पोरगी संडासात कडी लावून दोन तास रडत बसली व्हती. पहिली पाळी आली तर तिला वाटलं, आपण मरून राहिलो. तिला आधी कुणी सांगितलं असतं तर लाज गेली असती का वाचली असती, ते तुमी सांगा."

बायकांतून एक जण उठली. "ती माझी पोरगी व्हती," ती म्हणाली, आणि एवढंच बोलून तिथंच उभी राहिली, खाली बसली नाही.

कुणीतरी कुजबुजलं. माधवराव काही बोलणार, तेवढ्यात मागून नारायणराव उठला. सगळ्यांनी माना वळवल्या. त्यानं टोपी नीट केली.

"शिकवू द्या," तो म्हणाला. "आमाला त्या वयात कुणी शिकवलं असतं, तर..."

तो पायऱ्या उतरून शेताच्या वाटेनं गेला. गोदावरी बायकांत बसली होती, ती ताठ बसून समोर बघत राहिली. त्या व्हरांड्यात ते अर्धं वाक्य तिघांनाच पुरतं कळलं. बाकीच्यांनी एवढंच धरलं की नारायणरावानं बाजू घेतली, म्हणजे काहीतरी असणार. वाद विझला. तास चालू राहिले.

परतताना मोटारसायकलवर मी म्हणालो, "तुम्ही बोलला का नाही, सिस्टर? हक्क होता तुमचा."

"माझा कसा? रिपोर्ट त्याचा हाय. मी आज माझ्यासाठी बोलले, तर उद्या कोणता बाप्या तपासायला येईल तुमच्याकडं?" वाटेतला तलाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "वाक्य अर्धंच सोडलं त्यानं. तरी पण सोपं नसंल गेलं." मी मागं वळून पाहिलं नाही.

नारायणराव-गोदावरी पुढं नांदेडच्या डॉक्टरांकडं गेले. लेकरू झालं नाही. पण गोदावरीचे उपास सुटले, बाबांच्या फेऱ्या थांबल्या, आणि सासूला नारायणरावानं काय सांगितलं कोण जाणे, तिनं पुन्हा तो विषय काढला नाही, असं गोदावरीच मला म्हणाली.

सिस्टर निवृत्त होऊन लातूरला धाकट्या बहिणीकडं राहायला गेल्या. माझीही बदली पुढं लातूरला झाली. दोघं एकाच शहरात असूनही भेट होत नव्हती. गेल्या हिवाळ्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली होती, एका वस्तीतल्या समाजमंदिरात. मी नमुने गोळा करून न्यायला गेलो होतो. तीस-चाळीस बायका बाकांवर बसलेल्या, नावं दिलेली, पण पडद्याआड डॉक्टरबाईंकडं जायला एकही उठत नव्हती. तू जा, तू जा, चाललं होतं. तरुण स्टाफ नर्स हाका मारून दमली होती.

दारातून हिरव्या सुती साडीतल्या पांचाळ सिस्टर आल्या. केस पुरते पांढरे, चाल जरा मंद. मला बघून हसल्या. मी खुर्ची पुढं केली, म्हणालो, बरं झालं आलात, यांना जरा समजावून सांगा.

"आज समजावणार न्हाई," त्या म्हणाल्या. "आज पेशंट हाय मी. पहिलं नाव माझं लिही, पोरी."

चपला बाकाखाली सरकवून त्या पडद्याआड गेल्या. पाच मिनिटांनी निऱ्या सारख्या करत बाहेर आल्या आणि कुणा एकीकडं न बघता, वॉर्डाच्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "झालं. सुईबी टोचत न्हाई."

कोपऱ्यातली एक लठ्ठशी बाई उठली. तिच्या मागं दुसरी. मग बाक सरकल्याचे आवाज सुरू झाले, रांग लागली, नर्सला नावं लिहायला हात पुरेना. सिस्टरनी ते पाहिलं की नाही कुणास ठाऊक. त्या वाकून बाकाखाली आपली दुसरी चप्पल शोधत होत्या.